सॉफ्टवेअर स्लो चाललंय? फ्रेमवर्क बदलायच्या आधी हे बघा

निपाणी, खानापूर, बेळगावात दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी पयलं क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला गेलेल्या प्रत्येक मागणीची (क्वेरीची) नोंद, चालू करून बघा की. एन्टिटी फ्रेमवर्कमध्ये (डॉटनेट प्रोग्रॅममधून डेटाबेसशी बोलायचं साधन) लेझी लोडिंग, म्हणजे लागेल तेव्हाच माहिती आणणं, असलं की 500 बिलांच्या यादीत प्रत्येक बिलातला माल आणायला वेगळी क्वेरी जाते, म्हणजे यादीची एक धरून एका स्क्रीनला 501 क्वेऱ्या, मग स्लो होणारच, तिथं बिलाबरोबरच माल आणणारं इन्क्लूड लावा, नुसतं दाखवायचं असेल तर बदलांवर नजर ठेवणं बंद करणारं अ‍ॅजनोट्रॅकिंगबी.

एसक्यूलाइटात (एकाच फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) स्टॉक एन्ट्र्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळ्या मिळून एका झटक्यात, घाला, नाहीतर दर एन्ट्रीला डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबावं लागतं, फरक लगेच दिसतो.

मराठी-कन्नड नावं शोधायला इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधयादी) लावा, पण लाइकमध्ये (अर्धवट नावावरून शोधायची क्वेरी) सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह, म्हणजे ‘इथं काहीबी चालेल’, टाकलं तर तो वापरलाच जात नाही, हे बरेच जण विसरतात.