सहा वर्षांच्या गॅपला सीव्हीत एकच ओळ

सीव्हीची फाइल उघडायच्या आधी पीएफचं पोर्टल उघडा. मी नेमकं उलटं केलं. मार्च 2017 ला अकाउंट्सची नोकरी सोडली तेव्हा लेक आठ महिन्यांचा होता, 2023 च्या मे महिन्यात परत शोधायला बसले आणि जुन्या तारखा आठवून आठवून लिहिल्या, दोन महिने इकडेतिकडे झाले. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले यूएएनची (पीएफचा कायमचा नंबर) सर्व्हिस हिस्ट्री बघतात, तिथे वेगळं दिसलं की झाली चौकशी सुरू. वर माझ्या जुन्या कंपनीने एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, टाकलीच नव्हती, म्हणजे कागदोपत्री मी सहा वर्षं तिथेच चिकटलेली. ती आपली आपल्याला टाकता येते, शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने झाले असले की, पोर्टलवर मॅनेज मेन्यूत मार्क एक्झिट, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी, बस. नंबर मधे बदलला असेल तर आधी नवा नंबर आधारला जोडून घ्या. रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन सॅलरी स्लिप, फॉर्म 16 त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा आणि नाव तपासा, जुन्या लेटरवर माहेरचं, पॅनवर सासरचं असं असेल तर लग्नाचं सर्टिफिकेट पण त्याच फोल्डरला.

मग सीव्ही. गॅपला एक ओळ: एप्रिल 2017 ते मे 2023, करिअर ब्रेक, मुलाचं संगोपन. संपलं. दडवू नका, वर्षं तेवढी लिहून महिने गाळायची युक्ती एचआरला पाठ असते. आणि 'होम मॅनेजर', 'घरी मल्टीटास्किंग शिकले' वगैरे लिहू नका प्लीज, मला ते वाचूनच कसंतरी होतं, आपण केलं ते काम मोठंच होतं पण त्याला ऑफिसचे कपडे घालायची गरज नाही. लिंक्डइनवर 2022 पासून करिअर ब्रेक असा वेगळा प्रकारच आहे, त्यात फुल टाइम पॅरेंटिंग निवडता येतं, तारखा सीव्हीच्याच टाका.

मी आधी शहाणपणा करून त्या सहा वर्षांवर 'फ्रीलान्स अकाउंटिंग' लिहिलं होतं. हिंजवडीत एका ठिकाणी समोरच्या सरांनी शांतपणे विचारलं, मॅडम, क्लायंट किती, बिलं कोणत्या नावाने करायचात? माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. गंमत म्हणजे खरं सांगण्यासारखं काम माझ्याकडे होतं, दोन वर्षं आमच्या सोसायटीचे हिशोब मी बघत होते, फुकट, म्हणून ते मला कामच वाटलं नव्हतं. मेंटेनन्स महिन्याला 7,500 च्या वर गेला आणि सोसायटीची उलाढाल 20 लाखांच्या वर असली की जीएसटी लागतो, हा वाद एजीएममध्ये (वार्षिक सभेत) मीच निस्तरला होता. असं काही तुमच्याकडे असेल तर ते लिहा, 'मानद' असं स्पष्ट लिहून, आणि सेक्रेटरींकडून लेटरहेडवर दोन ओळी घेऊन ठेवा.

आता खरी तयारी, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. गॅपवर तुम्हाला अर्धा मिनिट विचारतील, पुढचा अर्धा तास 'काम अजून येतं का' हेच चाचपतील. मी सोडलं तेव्हा व्हॅट होता, जीएसटी आला 1 जुलै 2017 ला, म्हणजे मी अख्ख्या जीएसटीच्या बाहेर! तर एका कागदावर दोन रकाने केले, सोडताना काय होतं आणि आता काय आहे. हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली ईआरपी 9 गेलं, टॅलीप्राइम आलं. 2बी आलं, म्हणजे सप्लायरांनी अपलोड केलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर आपोआप बनणारी आपल्या खरेदीची यादी. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) 2020 ला 500 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना होतं ते ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर येणार होतं. एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल कंपल्सरी, म्हणजे जुनी एंट्री गुपचूप बदलायची सोय गेली. मग एका ओळखीच्या सीएंकडे महिनाभर रोज तीन तास जाऊन बसले, परचेस रजिस्टर आणि 2बी एक्सेलमध्ये जुळवत, आणि इंटरव्ह्यूत विचारलं तेच, सप्लायरने बिल अपलोडच केलं नाही तर काय कराल. तुमचं क्षेत्र वेगळं असेल पण दोन रकान्यांचा कागद कराच.

तोंडी उत्तर तीन वाक्यांचं: का थांबले, त्यात काय चालू ठेवलं, आता का तयार आहे. व्हॉइस नोट करून ऐका. माझ्या पहिल्या नोटमध्ये दोनदा 'सॉरी' होतं आणि चारदा 'अ‍ॅक्च्युअली', कशाबद्दल सॉरी देव जाणे. आणि हो, हुकमाचा पत्ता विसरू नका, नोटीस पिरियड शून्य. बाकीचे उमेदवार 90 दिवस मागतात, आपण सोमवारी हजर, तेव्हा नोकरी डॉट कॉमवर 15 दिवस किंवा कमी हे निवडाच. जुना पगार विचारला तर सांगा, पण तो 2017 चा आहे हे त्याच वाक्यात जोडा आणि आजच्या कामाचा आकडा मागा. पाळणाघराचं ऑफर हातात आल्यावर विचारा, 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ते 2017 च्या दुरुस्तीपासून कायद्यातच आहे.

राहिलं घर. 'मूल आजारी पडलं तर?' हे विचारतातच (नवऱ्याला कुणी कधी विचारलं नाही, असो), त्याचं उत्तर तिथे बसून शोधू नका. एक आठवडा ट्रायल घ्या, सकाळी साडेआठला बाहेर पडायचं, लायब्ररीत बसा नाहीतर कुठेही, सातला परत. आमच्याकडे मंगळवारीच बोंब झाली, सासूबाईंचं भजनी मंडळ आणि स्कूलबसची वेळ एकच, मग खालच्या मजल्यावरच्या काकूंना मंगळवारपुरतं ठरवलं. आणि शाळेच्या फॉर्मवर पहिला नंबर बाबाचा करून घ्या. माझ्या दुसऱ्या राउंडला शाळेतून फोन आला होता, डबा विसरला म्हणून. तो ह्यांना गेला, मला रात्री कळलं.