छोट्या फुटिंगमधील लोखंड: किती घालावे, कुठे ठेवावे

फाटकाचा खांब, बागेतील मांडवाचा पोलादी पाय किंवा अंगणातल्या हलक्या छपराचा कोपरा यांच्याखाली लागणारे छोटे फुटिंग, म्हणजे भार जमिनीवर पसरवणारा काँक्रीटचा पाया, स्वतः ओतणे फारसे अवघड नाही. मात्र त्यातील सळयांचे काम बहुतेक जण ‘चार सळया टाकल्या की झाले’ अशा समजुतीने उरकतात. माझ्या मते सळई किती जाड आहे यापेक्षा काँक्रीट घट्ट झाल्यावर ती नेमक्या कोणत्या उंचीवर राहिली, हे अधिक महत्त्वाचे असते. आणि ती योग्य उंचीवर राहावी यासाठी सर्व खटाटोप ओतकामाच्या आधीच करावा लागतो.

काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण एक दशांश इतकीच असते. फुटिंगच्या मध्यभागी खांब खाली दाबतो, जमीन मात्र संपूर्ण तळाला खालून वर रेटते. त्यामुळे बाहेर आलेल्या कडा वर वळू पाहतात आणि तळाचा भाग ताणला जातो. हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर एका खोडरबराच्या खालच्या बाजूला ब्लेडने बारीक चीर पाडावी, मध्यावर अंगठ्याने दाबून दोन्ही टोके वर उचलावीत: चीर लगेच उघडते. तीच चीर वरच्या बाजूला असेल तर मिटते. म्हणून आडव्या-उभ्या सळया बांधून केलेली जाळी तळाशी हवी. जाडीच्या मध्यावर ठेवलेली जाळी निम्मे काम करते, आणि वरच्या पृष्ठभागाजवळ ठेवलेली जाळी या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी असते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खांबाच्या कडेपासून फुटिंग जितके बाहेर येते, तितकी किंवा त्याहून अधिक त्याची जाडी असेल, तर भार काँक्रीटमधून सुमारे ४५ अंशांनी पसरत जमिनीत उतरतो आणि सळईला फारसे काम उरत नाही. तरीही जमीन सगळीकडे सारखी घट्ट नसते, वाऱ्यामुळे खांब डोलतो, आणि अशा वेळी पडणारी भेग रुंदावू न देण्यासाठी जाळी उपयोगी पडते. याउलट राहते घर, मातीचा भार अडवणारी भिंत किंवा उंचावरची पाण्याची टाकी यांचा पाया, तसेच भरावाची किंवा पाण्याने फुगणारी चिकण जमीन हे विषय या लेखाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. तेथे अभियंत्याकडून हिशेब करून घ्यावा.

उदाहरणासाठी २०० मिलिमीटर रुंद खांबाखालचे ७५० मिलिमीटर लांब, तितकेच रुंद आणि २५० मिलिमीटर जाड फुटिंग घेऊ. खड्डा घट्ट, न उकरलेल्या जमिनीपर्यंत न्यावा. जेथे हिवाळ्यात जमीन गोठते, तेथे गोठणाऱ्या थराच्याही खाली जावे. चुकून जास्त खोदले गेले तर सुटी माती परत लोटून पातळी साधू नये, ती जागा काँक्रीटनेच भरावी. तळावर १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाच्या साध्या काँक्रीटचा ७५ मिलिमीटरचा बेड घालावा. हा थर भार पेलण्यासाठी नसून कव्हर ब्लॉक (जाळी उचलून धरणारे छोटे ठोकळे) मातीत रुतू नयेत, जाळी चिखलात लोळू नये आणि वरच्या काँक्रीटमधील पाणी जमिनीने शोषू नये यासाठी असतो. पैसे किंवा वेळ वाचवण्यासाठी बेड गाळणाऱ्यांना मी तरी तसा सल्ला देणार नाही.

आता कव्हर, म्हणजे सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांतील अंतर. सिमेंटमुळे काँक्रीटचा पीएच १२ च्या वर असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. कव्हर कमी पडले की ओल आणि हवा सळईपर्यंत पोहोचते; गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आतून रेटा देतो आणि काँक्रीटची ढलपी सुटते. बेडवर ५० मिलिमीटर आणि फरमा न लावता थेट खड्ड्याच्या मातीला टेकून ओतायचे असेल तर बाजूंना ७५ मिलिमीटर कव्हर ठेवावे.

बाजूंचे कव्हर वजा केल्यावर सळईला ६०० मिलिमीटर जागा उरते. सळया १० मिलिमीटर व्यासाच्या घ्याव्यात आणि १५० मिलिमीटर अंतराने, दोन्ही दिशांना प्रत्येकी पाच, अशा एकूण दहा ठेवाव्यात. इतक्या लहान फुटिंगमध्ये सरळ सळईला काँक्रीटमध्ये पकड घ्यायला पुरेशी लांबी मिळत नाही, म्हणून दोन्ही टोके १०० मिलिमीटर वर काटकोनात वळवावीत. बाहेरून मोजली तर लांबी ८०० भरते. परंतु वाकवताना सळई बाहेरच्या अंगाने ताणली जाते, त्यामुळे प्रत्येक काटकोनामागे व्यासाच्या दुप्पट, म्हणजे येथे दोन वळणांचे मिळून ४० मिलिमीटर वजा करून ७६० मिलिमीटरचे तुकडे कापावेत. मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की एक मीटर सळईचे वजन किलोत मिळते. दहाच्या सळईचे ते ०.६१७ येते, म्हणजे आपल्या ७.६ मीटर सळईचे वजन सुमारे ४.७ किलो होईल. सळई तिच्या व्यासाच्या किमान चौपट जाडीच्या खुंटीभोवती सावकाश वाकवावी. टीएमटी सळई तापवून वाकवू नये, कारण तिच्या बाहेरच्या थराची ताकद कारखान्यातील झटपट थंड करण्याच्या प्रक्रियेतून आलेली असते आणि तापवल्याने ती जाते. अंगावरचा हलका तांबूस गंज चालतो. पापुद्रे सुटणारा गंज तारेच्या ब्रशने काढावा, आणि तेल, रंग किंवा वाळलेला चिखल मुळीच राहू देऊ नये.

बांधणीसाठी १८ गेजची मऊ तार पुरते. साधारण ३० सेंटिमीटरचा तुकडा दुहेरी दुमडावा, छेदाखालून तिरका ओवावा, फासात आकडा (तार पिळण्याचे वाकड्या टोकाचे हत्यार) अडकवून दुसरे टोक त्यावरून घ्यावे आणि दोन-तीन वेढे द्यावेत. तार सळईला चिकटून बसली की थांबावे. आणखी एक वेढा देण्याचा मोह हमखास तार तोडतो. उरलेली शेपटी आतल्या बाजूला दाबावी, कारण कव्हरमध्ये डोकावणारे तारेचे टोक गंजाला आत येण्याची वाट करून देते. बांधणीने फुटिंगची ताकद वाढत नाही, ती फक्त सळया जागेवर धरते. म्हणून कडेचे सर्व छेद आणि आतले एकाआड एक बांधले तरी चालते.

जाळीखाली पाच कव्हर ब्लॉक द्यावेत, चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये. ते घरीही होतात: पत्र्याच्या ताटात एक भाग सिमेंट आणि दोन भाग वाळूचा कोरडसर मसाला ५० मिलिमीटर जाड पसरावा, थापीने चौकोन पाडावेत, प्रत्येकात तारेचे दुहेरी टोक खोचावे आणि दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर पाण्यात ठेवावेत. विटेचा तुकडा वापरू नये, तो ओल शोषून थेट सळईपर्यंत नेतो. लाकूड कुजते. आणि ‘ओतल्यावर आकड्याने जाळी वर उचलू’ हा विचार तर मनातून काढूनच टाकावा. माझे पहिले फुटिंग मी तसेच केले होते. काही वर्षांनी खांब हलवण्यासाठी ते फोडले, तेव्हा जाळीचा अर्धा भाग तळाशी मातीतच पडलेला आणि गंजून पातळ झालेला निघाला. उचललेली जाळी पुढचे घमेले पडताच पुन्हा खाली बसली होती.

खांबही काँक्रीटचा असेल तर १२ मिलिमीटरच्या चार उभ्या सळया हव्यात. त्यांचे खालचे टोक किमान २०० मिलिमीटर बाहेरच्या दिशेने वळवून जाळीवर टेकवावे आणि घट्ट बांधावे. फुटिंगच्या जाडीत ८ मिलिमीटरच्या दोन रिंगा (उभ्या सळयांना बाहेरून वेढणाऱ्या बंद कड्या) घालाव्यात, वर दर १५० मिलिमीटरला एक. रिंगेची वळवलेली टोके, म्हणजे आकडे, १३५ अंशांत आत वळलेले असावेत आणि एकावर एक न येता कोपरा बदलत जावेत. उभ्या सळया ओळंब्यात आणून खड्ड्यावर आडव्या टाकलेल्या दोन फळ्यांना बांधून ठेवाव्यात. ओल्या काँक्रीटमध्ये नंतर खोचलेल्या सळईभोवती पोकळी राहते. वर उघडी राहणारी टोके टोपी घालून झाकावीत, कारण खड्ड्यात वाकून काम करताना ती थेट चेहऱ्यासमोर येतात.

ओतण्यापूर्वी टेपने चारही बाजूंचे आणि तळाचे अंतर मोजावे, जाळी हाताने हलवून पाहावी, खड्ड्याच्या बाजू आणि बेड ओलसर करावेत; पाणी मात्र साचू देऊ नये. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग २० मिलिमीटरची खडी या प्रमाणात या फुटिंगला सुमारे ५७ किलो सिमेंट लागते. पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्मे, म्हणजे २८ लिटरच्या आसपास, आणि वाळूतील ओल त्यातच धरावी. मिश्रण हलवायला सोपे जाते म्हणून वाढवलेले पाणी पुढे सुकून बारीक छिद्रे मागे ठेवते. हातात रबरी मोजे असावेत, कारण ओले सिमेंट कातडी भाजते. पहिला थर जाळीखाली सर्वत्र शिरेपर्यंत १६ मिलिमीटरच्या गजाने सळयांच्या मधल्या जागांत खोचत राहावे, जाळीवर आदळू नये. हवेचे बुडबुडे येणे थांबले की पुढचा थर घ्यावा. मध्येच दुसऱ्या दिवसावर काम ढकलू नये, संपूर्ण फुटिंग एका दमात ओतावे.

पृष्ठभाग बोटाने दबेनासा झाला की ओले गोणपाट अंथरावे आणि किमान ७ दिवस, हवा कोरडी व उष्ण असल्यास १० दिवस, ते वाळू देऊ नये. आठवड्याने काँक्रीटमध्ये अंतिम ताकदीच्या सुमारे दोन तृतीयांश ताकद आलेली असते, तेव्हा हलका खांब उभा करता येतो. संपूर्ण भार २८ दिवसांनी द्यावा. भोवतीची माती १५० मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर किंचित ओला करून आणि ठोकून भरावी, आणि शेवटच्या थराला खांबापासून बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी खांबाच्या बुंध्याशी साचणार नाही.