दोन मजल्यांची लॅन पार्टी: सर्व्हर लावण्याआधीची तयारी

इंदुरात दिवाळीच्या सुट्टीत लॅन पार्टी (सगळ्यांनी आपापले पीसी आणून एका नेटवर्कवर खेळायचा बेत) ठरली की पहिली शोधाशोध जागेची. रामबागेकडे किंवा लोकमान्य नगरात एखादं सभागृह मिळतं, पण मुलांची संख्या वाढली की खालचा हॉल पुरत नाही आणि निम्मी मंडळी वरच्या खोल्यांत बसतात. खाली एक राउटर, वर दुसरा, म्हणजे कुणी न ठरवताच दोन सबनेट, अर्थात नेटवर्कचे दोन वेगळे भाग, तयार झाले. मग खालच्यांना सर्व्हर (खेळ चालवणारं यंत्र) दिसतो, वरच्यांच्या गेममधली सर्व्हरची यादी कोरी राहते आणि संध्याकाळचा चांगला वेळ केबल उपटण्या-लावण्यात जातो. म्हणून आदल्या दिवशीच हे सगळं उरकून ठेवा.

सगळ्यात आधी ठरवा, की दोन सबनेट हवेतच का. एका साध्या /२४ सबनेटमध्ये (ज्यात पत्त्याचे पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे) २५४ यंत्रांना पत्ते मिळतात. पन्नासेक मुलांसाठी माझं मत स्पष्ट आहे: एकच सबनेट ठेवा. वरच्या राउटरचं डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा पत्ता खालच्यापेक्षा वेगळा करा आणि खालून आलेली केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात न लावता लॅन (आतल्या) पोर्टात लावा. तो नुसता स्विच (केबली एकत्र जोडणारा डबा) म्हणून काम करेल. सबनेट वेगळे करावेत ते कारण असेल तरच. सभागृहाचं ऑफिस आणि कॅमेरे त्याच तारांवर असतील तर त्यांच्यापासून लांब राहणं हे एक कारण. दुसरं म्हणजे लूप. साध्या स्विचला एकाच केबलची दोन्ही टोकं कुणी जोडली, की ब्रॉडकास्टचं (सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या संदेशांचं) वादळ उठून तो सगळा भाग ठप्प होतो. मजले वेगळे असतील तर निदान दुसरा मजला खेळत राहतो.

वेगळे करायचे ठरले तर पत्ते कागदावर लिहूनच पुढे जा. खाली १९२.१६८.१०, वर १९२.१६८.२०, सर्व्हरलाही वेगळा सबनेट दिलात तर १९२.१६८.५०, म्हणजे आकडा बघताच यंत्र कुठलं ते कळतं. घरून आणलेले राउटर बहुतेक १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ यावर येतात. दोन्ही बाजूंना एकच आकडा असेल तर राउटरला पलीकडची वाट कळणारच नाही. मनाला येईल तो पत्ताही देऊ नका. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ या खाजगी पट्ट्यांतच राहा. काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर एसव्ही_लॅन (फक्त लॅनपुरता चालवण्याची सेटिंग) १ वर चालवला, तर तो परक्या पत्त्यांना ‘क्लास सी’चा (फक्त स्थानिक यंत्रांनाच प्रवेश असल्याचा) संदेश दाखवून परत पाठवतो. शून्यावर ठेवला तर स्टीमची (गेमच्या ऑनलाइन सेवेची) ओळखपरेड लागते, म्हणजे सभागृहाच्या इंटरनेटवर सगळा खेळ अवलंबून.

मजल्यांच्या मधे खरोखर राउटिंग करणारं, म्हणजे एका सबनेटचा संदेश दुसऱ्यात नेणारं, यंत्र हवं. लेयर थ्री स्विच (राउटिंगही करू शकणारा) मिळाला तर उत्तम, नाहीतर दोन-तीन नेटवर्क कार्डं घातलेला जुना पीसी आणि त्यावर राउटरचं काम करणारी ओपीएनसेन्स ही प्रणाली पुरते. जादा कार्डं आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये आधीच बघून ठेवा, पार्टीच्या संध्याकाळी धावपळ नको. घरगुती राउटर वॅन पोर्टातून जोडला तर तो मधे नॅट घालतो, म्हणजे मागच्या यंत्रांचे पत्ते स्वतःच्या एका पत्त्यामागे लपवतो: त्याच्या मागचा खेळाडू बाहेरच्या सर्व्हरवर जाऊ शकतो, पण सर्व्हरच त्याच्या मागे असेल तर पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली विनंती सर्व्हरकडे वळवणं) केल्याशिवाय बाहेरून कुणी पोचत नाही. अशीच जोडणी असेल तर सर्व्हर नॅटच्या मागे कधीच ठेवू नका.

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ द्यायचा ती: सर्व्हरचा गेटवे, म्हणजे सबनेटबाहेर जायची वाट देणाऱ्या राउटरचा पत्ता. आपण त्याला स्थिर पत्ता देतो, मास्क (सबनेट केवढा ते सांगणारा आकडा) भरतो आणि गेटवेची जागा मोकळी सोडतो, कारण ‘इंटरनेट कुठे लागतंय?’ शेजारच्या सबनेटला उत्तर पाठवायला सुद्धा तोच गेटवे लागतो. तो नसेल तर वरच्याची विनंती सर्व्हरपर्यंत पोचते, उत्तर मात्र सर्व्हरच्या बाहेर पडत नाही. सर्व्हर खालच्याच सबनेटमध्ये असताना खाली सगळं सुरळीत आणि वरच्यांना टाइमआउट, अशी तक्रार आली की आधी हेच बघा. सर्व्हरला दोन कार्डं असतील, तर गेटवे एकाच कार्डावर भरा आणि सर्व्हर सुरू करताना आयपीचा पर्याय देऊन तो योग्य कार्डाला बांधा.

वरच्यांची यादी कोरी राहते, ते मात्र बिघाडाचं लक्षण नाही. लॅनची यादी ब्रॉडकास्टवर चालते: गेम आपल्या सबनेटमध्ये हाक मारतो आणि सर्व्हर ओ देतो. राउटर ती हाक पुढे नेत नाही. दुसऱ्या सबनेटला थेट ब्रॉडकास्ट पाठवण्याची सोयसुद्धा हल्ल्यांसाठी वापरली जाऊ लागली, म्हणून १९९९ पासून राउटरमध्ये ती मुळातच बंद ठेवावी असं ठरलेलं आहे. माइनक्राफ्टचं ‘ओपन टू लॅन’ (खेळाडूने आपलं जग लॅनवर उघडणं) २२४.०.२.६० या मल्टिकास्ट (ऐकणाऱ्या गटाच्या) पत्त्यावर घोषणा करतं, तीही राउटरशी थांबते. आणि त्याचा डेडिकेटेड (स्वतंत्र चालणारा) सर्व्हर तर अशी घोषणा करतच नाही. ब्रॉडकास्ट रिले बसवून हाक पलीकडे नेता येते, ओपीएनसेन्समध्ये त्याचं प्लगिन आहे. तरी माझा भर पत्त्यावर आहे. पत्ता आणि पोर्ट (इथे भोक नव्हे, त्या यंत्रावरच्या सर्व्हरचा क्रमांक) ठळक छापून प्रत्येक टेबलावर चिकटवा: काउंटर-स्ट्राइकसाठी कन्सोलमध्ये कनेक्ट, पुढे पत्ता आणि २७०१५; माइनक्राफ्टसाठी २५५६५. स्टीमच्या सर्व्हर-यादीत तोच पत्ता फेव्हरिट करून ठेवला तर दुसऱ्या सबनेटमधूनही सर्व्हर नाव आणि नकाशासकट दिसतो, कारण ती विचारणा थेट त्या पत्त्यावर जाते.

विंडोजची फायरवॉल विसरू नका. नवीन नेटवर्कला ती बहुधा पब्लिक समजते, म्हणून सर्व्हरच्या प्रोग्रामला परवानगी देताना पब्लिक आणि प्रायव्हेट दोन्ही खुणा करा. पिंगचा (दुसरं यंत्र उत्तर देतंय का ते बघणाऱ्या हाकेचा) तयार नियम प्रायव्हेटमध्ये फक्त स्थानिक सबनेटपुरता असतो. त्यामुळे पलीकडून पिंग लागलं नाही म्हणून मार्गच तुटलाय असं धरू नका. नियमाची व्याप्ती वाढवा आणि मग तपासा. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिथेही हेच.

वेगाची काळजी खेळापुरती नको. काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये एका खेळाडूमागे सेकंदाला जास्तीत जास्त पंचवीस हजार बाइट धरले, तरी बत्तीस जणांचे साडेसहा मेगाबिटसुद्धा होत नाहीत. जीव जातो तो नकाशे आणि गेमच्या फाइली उतरवताना, म्हणून त्या आधीच वाटा आणि सगळ्यांची आवृत्ती एकच आहे ना ते बघा. जुन्या बांधकामाच्या जाड भिंतींतून वायफायचा भरवसा नाही. मजल्यांच्या मधे केबलच टाका, फक्त एक सलग तुकडा शंभर मीटरच्या आत ठेवा.

विजेचं वायरमनशी आधी बोला. सहा अँपिअरच्या एका सॉकेटवर १,३०० वॉटच्या आसपास भार निघतो, म्हणजे मॉनिटरसकट तीन मोठे पीसी झाले की बास. सर्व्हर, राउटर आणि मधला स्विच यांना वेगळी लाइन आणि यूपीएस द्या. रात्री मंडळी सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला गेली तरी सर्व्हर चालूच राहतो, तेव्हा खोलीला कुलूप आणि किल्ली एकाच माणसाकडे.

आदल्या संध्याकाळी एक लॅपटॉप खाली आणि एक वर लावून दोन्हीकडून प्रत्यक्ष गेममध्ये शिरा. एकाच यंत्रावर जास्त सर्व्हर असतील तर २७०१६, २७०१७ असे प्रत्येक पोर्ट वेगळे तपासा. सर्व्हर-यंत्र पुन्हा सुरू करून सगळं आपोआप उभं राहतंय का तेही बघा. सभागृहाच्या राउटरची मूळ सेटिंग आज रात्रीच बॅकअपमध्ये उतरवून घ्या. परवा सकाळी चावी परत करण्याआधी ती तशीच बसवून द्यायची आहे, आणि सर्व्हर बंद करण्यापूर्वी माइनक्राफ्टचं जग आणि सामन्यांचे डेमो (रेकॉर्डिंग) पेन ड्राइव्हवर घ्यायचे आहेत.