फ्रेमचा रंग आधी कुठे जातो?
रेसिंग सायकलचा रंग सगळीकडे सारखा झिजत नाही. हेड ट्यूबवर (हँडलखालची पुढची उभी नळी) ब्रेक-गिअरची केबल घासते तिथे आणि चेन आपटते त्या उजव्या चेनस्टेवर (पेडलपासून मागच्या चाकापर्यंतची खालची नळी) तो आधी जातो. नवी फ्रेम घेतल्याबरोबर या दोन जागा नीट पुसून पारदर्शक संरक्षक फिल्म लावाच.

स्टीलच्या फ्रेमवर टवका उडाला तर थांबू नका: गंज घासून काढा, प्रायमर द्या, मग टच-अप रंग. ॲल्युमिनियमवर रंगाला फुगे आले तर खाली धातू खराब होतोय. घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) चालवत असाल तर टॉप ट्यूबवर (सीट ते हँडलची वरची नळी) टॉवेल टाका, घामातलं मीठ फार वाईट. कार्बन फायबरच्या फ्रेमवर मात्र बारीकशी भेगही नुसता रंगाचा तडा समजू नका. जाणकाराला दाखवल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नका.