'सर्व्हर स्लो झालाय, काय कराल?' याचं उत्तर देताना

टेक्निकल ऑपरेशन्सच्या इंटरव्ह्यूत हा प्रश्न हमखास येतो आणि बरेच जण "रीस्टार्ट करतो" म्हणून मोकळे होतात. गाडी तिथेच अडते, कारण रीस्टार्ट केला की कारणाचा मागच पुसला जातो.

उत्तर या क्रमाने, मोठ्याने विचार करत द्या:

१. आधी उलट विचारा: कधीपासून, सगळ्यांना की काहींनाच, नुकतंच काही डिप्लॉय झालंय का, म्हणजे सर्व्हरवर नवा बदल चढवलाय का? झालं असेल तर आधी रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परत जाणं), मूळ कारण मागाहून.

२. मग लोड, मेमरी, डिस्क, नेटवर्क. कमांड सांगण्याआधी तिच्यात काय दिसेल असं वाटतं तेही सांगा.

डिस्कवर जास्त तयारी करा. कधी 'डीएफ' (डिस्क किती भरली ते सांगणारी लिनक्स कमांड) डिस्क भरलेली दाखवतं, 'डीयू'ची (फाइल्सनी घेतलेली जागा मोजणारी कमांड) बेरीज मात्र बरीच कमी येते. बहुधा डिलीट केलेली लॉग फाइल (प्रोग्राम आपल्या नोंदी लिहितो ती) एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, अजून उघडी धरलेली असते. 'एलएसओएफ'ने (उघड्या फाइल्सची यादी देणारी कमांड) ती प्रोसेस शोधा, तिला लॉग नव्याने उघडायला लावा, जागा सुटते. जागा असूनही नवी फाइल बनत नसेल, तर आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणारी फाइल सिस्टिममधली नोंद) संपलेत का बघा.

एक सांभाळा: स्वतः न वापरलेल्या टूलचं नाव घेऊ नका. पुढचा प्रश्न त्याच्याच आउटपुटवर येतो.