महाशिवरात्र झाली, डाळिंबाचं बी पेरा

इंदुरात महाशिवरात्र झाली की पहाटेचा गारठा ओसरतो, आणि रंगपंचमीच्या गेरीपर्यंत, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीपर्यंत, ऊनही सोसवेल इतकंच असतं. कुंडीत डाळिंबाचं बी पेरायला हे तीन आठवडे धरा. थंडीत पेरलेलं बी नुसतं पडून राहतं, आणि उशिरा उगवलेलं कोवळं रोप मे महिन्याच्या झळांत होरपळतं.

फळ पूर्ण पिकलेलं, जड घ्या. मंडीत भगवा जातीचं डाळिंब सहज मिळतं, त्याचं बी मऊ असतं. दाणे गाळणीत घेऊन पाण्याखाली चोळा, भोवतीचा रसाळ गर पूर्ण निघाला पाहिजे. गर राहिला की बुरशी धरते, मुंग्याही येतात. धुतलेलं बी एक-दोन दिवस सावलीत सुकवा आणि अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा. दहा-पंधरा तरी पेरा, सगळी उगवत नाहीत. कोंब यायला दोन ते सहा आठवडे लागतात, तोवर कुंडी उकरून बघू नका.

मातीबद्दल मात्र कळकळीनं सांगते. आपली माळव्याची काळी माती गव्हा-सोयाबीनला सोन्यासारखी, पण डाळिंबाच्या मुळाशी पाणी धरून बसते. माझी पहिली सगळी रोपं निव्वळ काळ्या मातीत कुजून गेली. तेव्हापासून माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात घेते, कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवते. पाणी सकाळी, वरची माती बोटाला कोरडी लागली तरच. रोज थोडं थोडं पाणी घालायची सवय रोपांना मारते. बुडाशी बारीक होऊन ती आडवी पडतात.

एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली द्या. पावसाळ्यात कुंडीखाली ताटली ठेवू नका. जमिनीत लावायचं असेल तर जुलैमध्ये, उंचवटा करून, दिवसभर ऊन मिळेल तिथे लावा.

पहिल्या हिवाळ्यात पानं पिवळी पडून गळतात आणि बरेच जण रोप मेलं म्हणून उपटून टाकतात. तसं करू नका! नखानं साल जराशी खरवडा. आत हिरवं असेल तर झाड झोपलंय. पाणी कमी करा आणि फेब्रुवारीची वाट बघा.

फळाला तीन ते पाच वर्षं लागतात. सुरुवातीची बरीच फुलं गळतात. घंटेसारखी, बुडाशी निमुळती फुलं नर असतात, ती गळणारच; बुडाशी फुगीर, घटासारखी असतात त्यांनाच फळ धरतं. फळं वाढत असताना पाण्याचा ताण पडून एकदम भरपूर पाणी मिळालं की ती तडकतात, म्हणून त्या दिवसांत पाणी नियमित हवं.

आता खरी गोष्ट. भगव्याच्या बियांतून भगवाच येईल असं नाही. फळ आंबट निघेल, बी टणक निघेल, क्वचित छानही निघेल. म्हणून शेतात बियांची रोपं लावू नका. तिथे खात्रीच्या रोपवाटिकेतलं, रोगमुक्त झाडावरचं गुटी कलमच (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून काढलेलं रोप) घ्या, कारण पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा तेल्या रोग बरेचदा आजारी कलमाबरोबर बागेत येतो. घरी तुमच्या झाडाचं फळ आवडलं, तर पावसाळ्यात त्याच्याच पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर गुटी बांधा. ते कलम मूळ झाडासारखंच फळ देईल. शेजारी कोणी मागितलं तर बी नका देऊ, गुटी द्या.