माणूस बाजूला झाला तर काय उगवेल: एका गुंठ्यात मोजण्याची रीत

माणसं उद्या नाहीशी झाली तर गावच्या रानाचं काय होईल, यावर गप्पा पुष्कळ होतात. प्रत्यक्ष पाहायचं तर एक गुंठा जमीन, जाळीचं कुंपण आणि निदान दहा वर्षं न हरवणारी वही लागते.

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात हे 1882 पासून चाललं आहे. ब्रॉडबॉक शेताच्या टोकाचा सुमारे अर्धा एकर गहू त्या वर्षी न कापता उभा ठेवला. मोजक्या वर्षांत तणांनी गहू पार संपवला. पुढे तो तुकडा विभागला. पूर्ण सोडलेल्या भागात आज दाट झाडी आहे. ज्या भागातली झाडांची रोपं दरवर्षी काढली, तिथे झाडी झालीच नाही. म्हणजे शेजारी तुलनेचा तुकडा नसेल तर बंद केलेल्या एका तुकड्यावरून काहीच सांगता येत नाही.

आपल्याकडे असे तीन तुकडे घ्या. प्रत्येक 10 मीटर × 10 मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. पहिला कुंपणाचा. दुसरा उघडा, तिथे चराई, तोड, सरपण जसं चालतं तसं चालू द्या. तिसऱ्यात गुरं चरू द्या, पण कुऱ्हाड आणि आग बंद. हा तिसरा तुकडा बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. माणूस गेला म्हणून चराई संपत नाही. तग धरलेली मोकाट गुरं, नीलगाय, चितळ चरतच राहतील. कुंपणातलं चित्र म्हणजे चरणारी मोठी जनावरंच नसलेली दुनिया. खरं उत्तर पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या मधे कुठेतरी असतं.

तिन्ही जागांचा उतार, मातीची खोली आणि आधीचा वापर सारखा हवा. पहारीने चार-पाच ठिकाणी खोली तपासा. एकीकडे अर्धा फूट माती आणि दुसरीकडे दोन फूट असेल तर पुढची सगळी मोजणी मातीचीच होईल. नांगरटीचं पडीक शेत आणि कधीच न नांगरलेला माळ यांची तुलना करू नका. माळावर पळस, धावडा यांची तोडलेली खुंटं जमिनीत जिवंत असतात आणि तोड थांबली की एक-दोन पावसाळ्यांत फुटवे कमरेला लागतात. नांगरलेल्या शेतात तसं काही उरलेलं नसतं, सगळं बियांवर अवलंबून.

कुंपणाला 40 मीटर जाळी लागते, उंची 5 फूट. दर अडीच मीटरला एक असे 16 खांब, 7 फुटी, त्यातले 2 फूट जमिनीत. चारही कोपऱ्यांना दोन्ही अंगांनी तिरके टेकू द्या, नाहीतर पहिल्याच पावसात जाळी सैल पडते. नुसत्या काटेरी तारांवर भागवू नका. गाय थांबते, शेळी आत जाते. काट्याच्या फेसाटीचं कुंपण स्वस्त, पण वाळवी ते लवकर खाते. जाळीखाली दोन-तीन ठिकाणी चार-पाच इंचांची फट ठेवली की ससा, मुंगूस, घोरपड ये-जा करतात.

आता वणवा. बंद तुकड्यात गवत न चरल्याने वाळका थर साठत जातो. त्यामुळे ठिणगी पडली तर चरलेल्या तुकड्यापेक्षा इथली आग जास्त तापते, आणि तीन वर्षांची रोपं एका दुपारी जातात. गवत पिवळं पडलं की, नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात, पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्याभोवती 3 मीटर रुंदीचा जाळपट्टा, म्हणजे आग अडवणारी गवत नसलेली पट्टी, फावड्याने खरवडून काढा. एका तुकड्याला सुमारे 156 चौरस मीटर खरवडावे लागतात. मूळ तुकड्याच्या दीडपट काम आहे, मजुरी आधीच धरा. पट्टा जाळून काढायच्या भानगडीत पडू नका.

मोजणी आतल्या 8 × 8 मीटरमध्येच करा. कडेचा एक मीटर सोडायचा, कारण बुलबुल तारेवर आणि खांबावर बसून विष्ठेतून बिया टाकतात. कुंपणालगत घाणेरी आणि कडुलिंबाची रांग उगवते ती कुंपणामुळे. उघड्या तुकड्यांच्या कोपऱ्यांतही बुटक्या खुंट्याच ठोका, पक्षी बसेल असा खांब नको.

आत 1 मीटर × 1 मीटरच्या पाच चौकटी लोखंडी खुंट्यांनी कायमच्या पक्क्या करा. गवतं सप्टेंबर-ऑक्टोबरात तुऱ्यावर असताना मोजा; तुरा नसेल तर मारवेल आणि पवन्या नवख्याला वेगळे ओळखू येत नाहीत. झाडांची रोपं फेब्रुवारीत मोजा, म्हणजे पावसाळी गर्दीतून टिकली तेवढीच धरली जातात. प्रत्येक रोपाला ॲल्युमिनियमची आकडा ठोकलेली पट्टी सैल बांधा. उंची, फुटवे आणि जमिनीलगतची जाडी लिहा. पाऊस दरवर्षी वेगळा, म्हणून यंदाची मागच्या वर्षाशी तुलना करण्यापेक्षा त्याच वर्षी तिन्ही तुकड्यांत किती फरक पडला ते बघा. फोटो ठरलेल्या खुंटीवरून, ठरलेल्या दिशेने.

जमिनीत आधीच काय दडलंय तेही तपासा. मे महिन्यात दहा जागांवरून वरची 5 सेंटीमीटर माती घ्या, मिसळा, पसरट ट्रेमध्ये धुतलेल्या वाळूवर दोन सेंटीमीटर थर द्या आणि तीन महिने ओली ठेवा. शेजारी नुसत्या वाळूचा एक ट्रे हवाच. त्यात जे उगवेल ते वाऱ्याने आलेलं, वजा करा.

कोरड्या पट्ट्यातल्या पडीक शेतात पहिल्या वर्षी गाजरगवत, एकदांडी, टाकळा, कुर्डू यांचंच राज्य. मग कुसळीसारखी बहुवर्षायू गवतं जागा धरतात, पाठोपाठ बोर, हिवर, बाभूळ. कोकणात आणि घाटमाथ्यावर रानमोडी, धायटी, करवंद लवकर माजतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळासारख्या ठिकाणी किंवा साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, झाडी आली नाही म्हणून प्रयोग फसला असं समजू नका. उथळ मातीवर गवताळ रानच टिकतं. झाडं लावून त्याला ‘मदत’ करणं हा सर्रास होणारा बिघाड.

घाणेरी, सुबाभूळ, विलायती बाभूळ ही बाहेरून आलेली झाडं उपटायची का? प्रश्न ‘माणूस आजपासून नसेल तर’ असा असेल तर हात लावू नका. त्यांचं बी आपण इथे पसरवून ठेवलंय, ते राहणारच. ‘माणूस कधी आलाच नसता तर’ असं पाहायचं असेल तर दरवर्षी मुळासकट काढा. दोन्हींची सरमिसळ केली की वही रद्दी.

प्राण्यांबद्दल एक गुंठा थोडंच सांगतो. प्रत्येक तुकड्याच्या मधे 1 × 2 मीटर माती भुसभुशीत करून सपाट करा आणि सकाळी ठसे बघा. ससा, साळिंदर, मुंगूस कळतात. ही जागा पाच चौकटींपासून लांब ठेवा, कारण खणलेल्या मातीत तण वेगळंच येतं. कुत्री, कबुतरं, चिमण्या, उंदीर आपल्या खरकट्यावर आणि धान्यावर किती जगतात, हे मात्र कुंपण घालून कळणार नाही.